समुद्रातून आलेले आकाश

एलादिओ मास्तरांनी त्या पत्राला उत्तर पाठवले नव्हते. लिहिले होते, चौदा वेळा. पण एकही कागद पाकिटात शिरला नव्हता. पत्र येऊन अकरा महिने झाले होते. मास्तरांनी ते चर्चच्या जाडजूड प्रार्थनापुस्तकात, सहसा कोणी उघडत नाही अशा पानांत ठेवून दिले होते. दर रविवारी पुस्तक हातात घेतले, की ते त्यांना आदल्या रविवारपेक्षा जड वाटे.

पत्र कास्त्रो शहरातल्या लेओनोर बार्रिया या वास्तुविशारद बाईंचे होते. केलेन्वे बेटावरच्या जुन्या लाकडी चर्चची दुरुस्ती त्यांच्याकडे होती. त्यांनी विचारले होते :

'चर्चच्या छतावरचे चित्रकाम कोणा दारुड्या रंगाऱ्याने केलेले असून त्यात जपण्यासारखे काही नाही, असे आमच्या पाहणीच्या अहवालात म्हटले आहे. माहिती देणारे म्हणून आपले नाव आहे. हे खरे आहे काय? याला काही आधार आहे काय? आपले उत्तर आले नाही, तर येत्या उन्हाळ्यात छत नव्याने निळे रंगवण्याच्या कागदावर मला सही करावी लागेल.'

घडले होते ते असे. फादर बेटावर वर्षातून दोनदा होडीने येत. एरवी घंटा वाजवायची, प्रार्थना चालवायची आणि किल्ली सांभाळायची, ती फिस्कालने. बेटाचे फिस्काल म्हणजे एलादिओ मास्तर. पाहणी करणारा माणूस आला तेव्हा त्याने वर बोट करून विचारले, "हे असं कसं?" मास्तरांनी शाळेत तीस वर्षे शिकवले होते, पण अनोळखी माणूस समोर आला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. त्या गडबडीत गावात कायम चालणारा विनोद त्यांच्या तोंडून निसटला. "रंगारी प्यायलेला होता म्हणतात." तो माणूस हसला. आणि त्याने ते लिहून घेतले.

आता जानेवारी, म्हणजे इकडचा दक्षिणेकडचा उन्हाळा, उजाडला होता. शुक्रवारच्या होडीतून बास्कुन्यान नावाचा कंत्राटदार उतरला. बरोबर दोन रंगारी, चाकांवरच्या परांचीचा एक उंच सांगाडा आणि निळ्या रंगाचे अठरा डबे. मास्तरांनी डबे मोजले आणि ते मुकाट्याने चर्चमध्ये जाऊन संतांच्या मूर्तींवरची धूळ पुसू लागले. धूळ कालच पुसलेली होती.

मधल्या बाकांवर तीन मुले उताणी पडली होती. यास्ना बारा वर्षांची, तिचा भाऊ दानिलो नऊचा. दोघे बेटावरचेच. तिसरा त्यांचा मावसभाऊ रेनातो. तो सुट्टीसाठी पुएर्तो मोन्तहून आला होता आणि आल्यापासून कंटाळला होता.

"तुमचा सूर्य काणा आहे," रेनातो छताकडे बघत म्हणाला.

"काणा नाहीये. दुसरा डोळा तिकडे सज्ज्यावर आहे," दानिलो म्हणाला. "आणि तोंड दाराशी."

"आणि यात तुम्हाला काही विचित्र वाटत नाही?"

"तुमच्या पुएर्तो मोन्तला म्हणे पावसामुळे सूर्य दिसतच नाही," यास्ना म्हणाली. "आमचा निदान तीन ठिकाणी दिसतो."

"रंगारी प्यायलेला होता," दानिलोने पाठ केलेले म्हणून दाखवले. "सगळ्यांना माहीत आहे."

रेनातो उठून बसला. "मला नाही पटत. प्यायलेल्या माणसाचा हात हलतो. ही चांदणी बघ. टोकं कशी पट्टीने आखल्यासारखी आहेत. अर्धीच आहे, पण कुठे संपते? बरोबर फळीच्या कडेला. ती दुसरीही कडेला. तीही. प्यायलेला माणूस दरवेळी नेमका फळीच्या कडेलाच कसा थांबेल?"

यास्नाही उठून बसली. "म्हणजे चांदण्या पूर्ण होत्या. पण फळ्या..."

"फळ्यांची अदलाबदल झालीय. चित्रकोड्याचे तुकडे कोणीतरी चुकीचे लावलेत."

मागे धप्पकन आवाज झाला. मास्तरांच्या हातून पितळी मेणबत्तीदान पडले होते. ते उचलायचे विसरून ते वर बघत होते. गेली सत्तावीस वर्षे या छताखाली उभे राहून त्यांनी प्रार्थना म्हटल्या होत्या. आपण एकदाही नीट वर पाहिले नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आले.

"मास्तर," यास्नाने विचारले, "छताच्या वरच्या बाजूला जाता येतं?"

घंटेच्या मनोऱ्यातून एक बुटके दार होते. त्यातून वाकून गेले, की माणूस छताच्या पाठीवर निघे. चर्च होड्या बांधणाऱ्या सुतारांनी बांधले होते आणि त्यांना एकच गोष्ट उत्तम येत होती. त्यांनी एक भली थोरली होडी बांधून ती उलटी घातली होती. वाकवलेल्या फासळ्या, कडेला कड लावून बसवलेल्या फळ्या आणि लाकडाच्याच खुंट्या. लोखंडाचा खिळा कुठे नाही.

"समुद्रावर उलटं तरंगत असल्यासारखं वाटतंय," रेनातो हळूच म्हणाला.

"फासळ्यांवरूनच चाला, फळीवर पाय नको," मास्तर म्हणाले. ते स्वतः चार पायांवर होते.

सर्वांत पुढे दानिलो रांगत होता, कारण तो सर्वांत लहान आणि त्याच्याकडे रेनातोची बॅटरी. मध्येच तो थांबला. "ही आजीची मेंढी आहे."

"कोण?"

"हा कान. हे बघ ना." फळीच्या टोकाला दोन खाचा होत्या आणि कोपरा तिरका उडवलेला होता. "दोन खाचा आणि शेंडा उडवलेला. आमच्या मेंढ्यांच्या कानाची खूण."

केलेन्वेवर कुंपणे कमी आणि मेंढ्या फार. प्रत्येक घराची कान कातरण्याची खूण वेगळी, आणि ती बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ओळखता येते. यास्नाने पुढची फळी पाहिली. "ही काताल्दोंची. ही उल्लोआंची. रेनातो, सगळ्या फळ्यांचे कान कातरलेत."

मास्तरांच्या बोटांखाली एक अर्धगोल खाच लागली. त्यांच्या आजोबांच्या मेंढ्या विकून पन्नास वर्षे झाली होती, पण बोटांनी ती लगेच ओळखली. त्यांनी थोडा वेळ हात तसाच ठेवला.

ओतिलिया आजी दारात बसून मिल्कावसाठी, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकरीसाठी, बटाटे किसत होती. वय चौऱ्याऐंशी, पण किसणीवरचा हात थांबत नव्हता. चौघांच्या कपड्यांवरची जळमटे तिने पाहिली आणि तिला काय ते समजले.

"आढ्यावर चढलात."

"आजी, फळ्यांना आपल्या मेंढीचा कान का आहे?" दानिलोने विचारले.

"कारण त्या आपण ओढून आणल्या. आकाश समुद्रातून आलं आपलं." तिने पुढचा बटाटा घेतला. "चर्च आधी समोरच्या आयकेन बेटावर होतं. खालचा कडा समुद्रात ढासळायला लागला, तेव्हा अख्ख्या गावाने मिंगा केली. सगळ्यांनी मिळून चर्च उकललं आणि पाण्यावरून इथे आणलं. छताच्या फळ्यांच्या मोळ्या बांधल्या. एकेका घराने एकेक मोळी आपल्या होडीमागे ओढली. मोळ्यांची गल्लत नको म्हणून ज्याने त्याने आपली खूण कातरली. माझी आजी तेव्हा सात वर्षांची होती, होडीच्या टोकाला बसून आली."

"मग लावताना चूक कशी झाली?"

"चूक कसली, भांडण झालं. प्रत्येक घराला आपल्या फळ्या वेदीवर हव्या होत्या. बारा घरं, आणि वेदी एक. चार दिवस कोणी कोणाशी बोलेना. सणाला फादर येणार, आणि चर्चला छत नाही. शेवटी गवताच्या काड्या उचलल्या. ज्याची काडी लांब, त्याच्या फळ्या वेदीजवळ."

"आणि चित्र?" रेनातोने विचारले.

"चित्राचं कोणाच्या मनात होतं? होडीवाली माणसं ती. फळीला फळी घट्ट बसली, पाणी येत नाही, झालं."

मास्तरांनी घसा साफ केला. "ओतिलिया, मग रंगारी प्यायला होता, हे कोणी काढलं?"

"आमच्याच लोकांनी. फादरनी वर बघून विचारलं, हे काय? आम्ही भांडलो, असं कोण सांगणार? मेलेल्या रंगाऱ्यावर ढकललं, बारा घरांची अब्रू राहिली." ती प्रथमच थांबली. "तुम्ही का पांढरे पडलात, मास्तर?"

तेव्हा मास्तरांनी पत्राबद्दल सांगितले. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. सांगताना ते किसणीकडे बघत होते.

बास्कुन्यान वाईट माणूस नव्हता. त्याने सगळे ऐकून घेतले, 'वा' देखील म्हणाला. "पण मास्तर, माझ्याकडे सहीचा कागद आहे आणि तुमच्याकडे मेंढीचे कान आहेत. ज्या फळ्या लागल्या त्या लागल्या. अर्ध्या चांदण्या बघायला कोण येणार? तुम्हाला गुळगुळीत निळं छत देतो, वर नव्या सोनेरी चांदण्या, सगळ्या एकसारख्या. उद्या आठला डबे उघडतो."

"बाईंना पत्र लिहिलं तर?" यास्नाने विचारले.

"त्यांचा कागद आणा, मी थांबतो. पण टपालाची होडी सोमवारी."

चौघे चर्चच्या पायरीवर बसले. आज शुक्रवार.

"डबे लपवू या," दानिलो म्हणाला.

"अठरा?" रेनातो म्हणाला. "तुझ्या शर्टात?"

"त्यापेक्षा ते स्वतःच डब्यांना हात लावणार नाहीत असं करू," यास्ना म्हणाली. "उद्या कुरान्तो घातला तर? खड्डा खणायचा, दगड तापवायचे, शिंपले, मांस, बटाटे रचायचे, पानांनी झाकायचं. सकाळी सुरू केलं की जेवण उरकायला संध्याकाळ होते. आणि बेटाच्या जेवणाला नाही म्हणायची कोणाची छाती आहे? तेवढ्यात आपण त्यांच्याच सांगाड्यावर चढून सगळ्या फळ्या उतरवून घेऊ. कागदावर."

रेनातोने तिच्याकडे नव्या आदराने पाहिले. "पण एवढं सामान आणणार कोण?"

"सगळी घरं. पण विनवणी करावी लागेल."

यावर तिघांनीही मास्तरांकडे पाहिले आणि मास्तर आणखी पांढरे पडले. बेटाची रीत अशी, की ज्याला गरज आहे त्याने स्वतः प्रत्येक दारी जायचे, टोपी हातात घ्यायची आणि काय हवे ते आपल्या तोंडाने मागायचे. निरोप चालत नाही, मूल पाठवलेले चालत नाही. आणि घरच्यांनी मध्ये बोलून मदत करायची नाही, पुरते ऐकून घ्यायचे.

"मला नाही जमणार," मास्तर म्हणाले. "मी चिठ्ठ्या लिहून देतो."

"मास्तर," यास्ना म्हणाली, "वर्गासमोर निबंध म्हणायला मी घाबरले, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? पहिलं वाक्य म्हण, दुसरं आपोआप येतं."

"ते मी दुसऱ्यांना सांगायचो."

तरी ते उठले. आधी त्यांनी ओतिलियाच्या मेंढीसमोर उभे राहून सराव केला. मेंढी चरत निघून गेली. "ही नाही म्हणाली," दानिलोने जाहीर केले. "अजून अकरा घरं आहेत."

पहिले घर काताल्दोंचे. दार उघडले. मास्तर टोपी हातात घेऊन उभे राहिले, आणि शब्दच फुटेना. काताल्दो रीतीप्रमाणे गप्प. घड्याळ टिकटिकत होते. शेवटी मास्तर म्हणाले, "माझ्या हातून एक चूक झाली आहे." आणि खरेच, दुसरे वाक्य आपोआप आले. पाहणीवाला, विनोद, पत्र, चौदा फाडलेले कागद, सगळे. ऐकून काताल्दो म्हणाला, "शिंपले किती लागतील?"

चौथ्या घरापर्यंत त्यांचा आवाज स्थिर झाला. नवव्या घरी त्यांनी स्वतःहून दुसरा कप चहा मागितला.

शनिवारी आठच्या ठोक्याला बास्कुन्यान डबा उघडायची पट्टी घेऊन आला, तर चर्चच्या अंगणात खड्डा खणलेला, दगड लाल झालेले आणि चाळीस माणसे कामाला लागलेली.

"विनवणीचं जेवण आहे," ओतिलिया आजी म्हणाली. "बसा."

"बाई, माझं काम..."

"नाही म्हटलंत, तर या बेटावर तुम्हाला कोणी बटाटासुद्धा विकणार नाही. सोमवारच्या होडीपर्यंत रंगच खावा लागेल."

बास्कुन्यान बसला. दोन्ही रंगारी तर आधीच बसले होते.

आत सांगाड्याची चाके करकरत होती. दानिलो वर चढून एकेका फळीवर काय आहे ते ओरडून सांगे, यास्ना ते कानाच्या खुणेसकट कागदाच्या पट्टीवर काढी आणि रेनातो पट्ट्या जमिनीवर मांडे. अठ्ठेचाळीस फळ्या, अठ्ठेचाळीस पट्ट्या. कागद मास्तरांनी दिले होते. जुन्या निबंधांच्या पाठकोऱ्या बाजू, त्यांनी एकही टाकला नव्हता.

"डावीकडे अर्धी चांदणी, उजवीकडे चंद्राचं नाक," दानिलो म्हणाला. "आणि टोकाला लाल फराटा. इथे तर रंगारी नक्कीच प्यायला होता."

"फराटाही काढ," मास्तर यास्नाला म्हणाले. "जसाच्या तसा."

"मास्तर," रेनातो एक पट्टी उलटी करून म्हणाला, "हा 'आमची गाय' निबंध. 'आमच्या गायीला चार पाय आहेत पण ती फार चालत नाही.' दहापैकी तीन. नाव रोसाउरा."

"ती आमची आई," दानिलो वरून आनंदाने म्हणाला. "तो निबंध मला पाहिजे."

तीन वाजता अंगणात एक रंगारी गवतावर घोरत होता आणि बास्कुन्यान चौथी ताटली हातात घेऊन ओतिलियाला बायकोच्या गुडघ्याबद्दल सांगत होता. आत सूर्याला दोन्ही डोळे मिळाले होते. मग तोंड. चंद्राला नाक आले. लाल फराट्याच्या पट्ट्या बारा होत्या. रेनातोने त्या शेजारी शेजारी सरकवल्या आणि त्याचा हात थबकला.

"हे फराटे नाहीत. अक्षरं आहेत."

मास्तर गुडघ्यांवर बसले. चष्मा पुसला. वाचले. पुन्हा वाचले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कारण आता त्यातून काही दिसत नव्हते.

रविवारी प्रार्थना संपल्यावर कोणी उठले नाही. मधल्या वाटेवर वेदीपासून दारापर्यंत पट्ट्या मांडलेल्या होत्या. एक पूर्ण आकाश. मास्तर पुढे आले. हातात पुस्तक नव्हते.

"इथे रंगाऱ्याने लिहून ठेवलं आहे," ते म्हणाले, आणि वाचले, "'मी पास्कुआल ओयार्सो, होडीचा सुतार. चाळीस दिवस उपास करून, पाण्याशिवाय दुसरे काही न पिता, हे आकाश रंगवले. १८६८.'"

कोणीतरी मागे नाक ओढले.

"पाण्याशिवाय दुसरे काही न पिता," ओतिलिया आजी हळूच म्हणाली. "आणि आम्ही त्याला शंभर वर्षं दारुड्या म्हणत आलो."

बास्कुन्यान वाटेवर वाकून पट्ट्या बघत होता. टोपी त्याच्या हातात होती. बराच वेळ त्याने एका चांदणीवरून बोट फिरवले. "माझा बाप रंगारी होता," तो म्हणाला. "मी असा कोपरा कधी काढू शकलो नसतो." मग तो उभा राहिला. "डबे उघडणार नाही. फळ्या उतरवून जागच्या जागी लावायच्या, तर माझी माणसं आहेत. पण बाईंचा कागद लागेलच. उद्याच्या होडीने पत्र गेलं पाहिजे." त्याने मुलांकडे पाहिले. "आणि माझ्या सांगाड्यावर विचारल्याशिवाय कोण चढलं होतं, ते मला माहीत आहे. काम मात्र नीट केलंत. मोठे झालात की माझ्याकडे या."

"पगार किती?" दानिलोने विचारले. यास्नाने त्याला कोपर मारले.

तोवर काताल्दोंनी पट्ट्यांवरच्या खुणा तपासल्या होत्या. "म्हणजे आमच्या फळ्या आता वेदीवर येणार?"

"आणि आमच्या दाराशी," ओतिलिया आजी म्हणाली. सगळे तिच्याकडे बघू लागले. बारा घरांनी श्वास रोखला. "बरंच झालं. दाराशी वारा चांगला लागतो." मग तिने तिन्ही मुलांना जवळ बोलावले आणि प्रत्येकाच्या हातावर ताटाएवढा मिल्काव ठेवला. तिच्या हिशेबी याहून मोठी शाबासकी नव्हती.

पंधरावे पत्र मास्तरांनी त्याच दुपारी लिहिले. ते छोटे होते :

'आपल्या पत्राला अकरा महिने उत्तर दिले नाही, याची लाज वाटते. रंगारी दारुडा होता, हे म्हणणे माझे होते. त्याला आधार नव्हता. तीन मुलांनी खरे काय ते शोधून काढले. त्यांनी केलेली नक्कल सोबत आहे. कृपया सही मागे घ्यावी. पट्ट्यांच्या मागच्या बाजूला निबंध आहेत, त्यांतल्या चुका मोजू नयेत.'

सोमवारी धक्क्यावर होडीवाल्याने टपालाची पिशवी उघडी धरली. मास्तरांनी पाकीट पुढे केले आणि पुन्हा मागे घेतले. "एक मिनिट. 'कृपया' आधी लिहिलं होतं की शेवटी, ते बघायचं राहिलं."

"मध्ये लिहिलंय," यास्ना म्हणाली. "छान आहे."

"पत्रात माझं नाव नाही," दानिलो म्हणाला. "तेवढं घालायला मात्र उघडा."

मास्तर हसले. पाकीट पिशवीत टाकले. होडीवाल्याने दोरी आवळून गाठ मारली, आणि मास्तरांनी ती गाठ स्वतः एकदा ओढून पाहिली.